मातीच्या चिनी कुत्र्याची कागदपत्रे

परदेशात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या वाट्याला वारशाने, भेटीदाखल किंवा जुन्या घराच्या आवराआवरीत प्राचीन चिनी मातीची वस्तू आली, तर तिचे पुढे काय करायचे याची सलग माहिती मराठीत कुठे सापडत नाही. म्हणून चीनमधील हान काळातील, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, एका मातीच्या कुत्र्यापायी मला ज्या कार्यालयांत, प्रयोगशाळेत आणि संग्रहालयांत जावे लागले, त्याचा वृत्तान्त क्रमाने लिहीत आहे. अशी वस्तू हाती आली की लोक पहिला प्रश्न विचारतात तो ती खरी की खोटी हा, आणि हा प्रश्न तुलनेने सोपा आहे, कारण ठरावीक शुल्क भरले की त्याचे बऱ्यापैकी खात्रीचे उत्तर मिळते. ही वस्तू चीनमधून कधी आणि कोणत्या मार्गाने बाहेर पडली, हा दुसरा प्रश्न मात्र पैशाने सुटत नाही, आणि माझा बहुतेक वेळ त्यातच गेला.

दक्षिण इंग्लंडमधील ज्या घरात आम्ही अनेक वर्षे भाड्याने राहिलो, त्या घराच्या मालकीण बाई २०२२ च्या नोव्हेंबरात वारल्या. त्यांचे यजमान १९६० च्या दशकात नोकरीनिमित्त हाँगकाँगला होते आणि तिथून येताना त्यांनी काही जुन्या वस्तू बरोबर आणल्या होत्या. जानेवारीत वकिलांचे पत्र आले, त्यात मृत्युपत्रानुसार ‘दिवाणखान्यातील हिरवा मातीचा कुत्रा’ मला दिला असल्याचे लिहिले होते. मी त्याच्याकडे कौतुकाने पाहत असे, हे बाईंनी लक्षात ठेवले होते, याचे मला फार अप्रूप वाटले. पण पत्राच्या पुढच्याच परिच्छेदात प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता, मिळेपर्यंत वस्तू ताब्यात देता येणार नाही, असेही स्पष्ट केलेले होते.

प्रोबेट होण्यास काही महिने लागतात, हे गृहीत धरूनच चालावे. या काळात मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या वकिलांना सर्व चीजवस्तूंची मृत्यूच्या दिवशीची बाजारभावाने किंमत ठरवावी लागते. त्यांनी नेमलेल्या मूल्यमापकाने यादीत ‘हान शैलीतील मातीचा कुत्रा’ असे लिहून सुमारे ३०० पौंड किंमत लावली होती. या व्यवसायात ‘हान काळातील’ असे लिहिले तर लिहिणारा वयाची जबाबदारी घेतो, आणि ‘हान शैलीतील’ असे लिहिले तर घेत नाही, हे वकिलांनीच मला सांगितले. पुढे चाचणी करून किंमत बरीच जास्त निघाली, तर ते कर विभागाला कळवावे लागू शकते, म्हणून चाचणी करण्याचा माझा विचार मी त्यांना आधीच लेखी कळवून ठेवला. असे पत्र दोन ओळींचे असले तरी पुरते.

वाट पाहण्याच्या त्या महिन्यांत मी वाचन केले. चीनमध्ये मृताबरोबर पुरण्यासाठी खास बनवलेल्या अशा वस्तूंना ‘मिंगची’ म्हणतात. हान घराण्याची सत्ता इसवी सनपूर्व २०६ ते इसवी सन २२० अशी, मध्यंतरी थोडा खंड पडून, चालली. शीआनजवळच्या यांगलिंग येथे इसवी सनपूर्व १४१ मध्ये वारलेल्या सम्राट जिंग याच्या समाधीभोवतीच्या खड्ड्यांत मातीची डुकरे, शेळ्या, मेंढ्या, कुत्रे आणि गुरे कळपाकळपाने ओळीत उभी केलेली सापडली आहेत. पुढे पूर्व हान काळात, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांत, ही पद्धत खालच्या थरापर्यंत पोहोचली आणि जमीनजुमला असलेल्या कुटुंबांच्या थडग्यांत विहीर, धान्याचे कोठार, जाते, चूल, डुकरांचा गोठा, कोंबड्या, बदके अशी सबंध शेतवाडीच मातीत घडवून ठेवली जाऊ लागली. त्या वाडीला राखणदार हवा म्हणून कुत्रा. अर्थात हान काळात कुत्र्याचे मांसही खाल्ले जाई, आणि घराण्याचा संस्थापक ल्यू बांग याचा विश्वासू सेनानी फान क्वाय हा मूळचा कुत्र्यांचा खाटीकच होता. त्यामुळे थडग्यातला एखादा कुत्रा राखणीसाठी ठेवला की शिदोरी म्हणून, हे दर वेळी सांगता येत नाही. आमच्या कुत्र्याच्या गळ्यात आणि छातीभोवती जाड पट्टे घडवलेले आहेत, तेव्हा तो राखणीचाच असावा, असे मी मानते.

जुलै २०२३ मध्ये कुत्रा घरी आला. तो सुमारे तीस सेंटिमीटर लांब आहे, आतून पोकळ आहे, कान टवकारलेले, शेपटी पाठीवर वळलेली आणि तोंड किंचित उघडे. अंगावरची झिलई हिरवी असून पाठीवर आणि डोक्यावर तिच्यावर रुपेरी, चमकती साय धरलेली आहे. हिरवा रंग तांब्याचा आणि झिलई शिशाची. शिसे मिसळल्याने झिलई कमी तापमानाला वितळते, आणि शतकानुशतके ओलसर मातीत राहिल्यावर तिचा पृष्ठभाग झिजून अतिशय पातळ थर तयार होतात, त्यांवरून प्रकाश परावर्तित होताना ती रुपेरी झाक दिसते. ही साय म्हणजे मळ समजून ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह होतो. पण फडके लावू नये. पोटाच्या आत चिकटलेली वाळलेली मातीही काढू नये, कारण पुढे तपासणाऱ्याला तिचा उपयोग असतो. शिशाची झिलई असल्याने वस्तू हाताळल्यावर हात धुवावेत आणि ती मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. उचलताना शेपटी, कान किंवा पाय यांना न धरता दोन्ही हात पोटाखाली घालावेत.

फोनवर आईला कुत्र्याचे छायाचित्र दाखवले, तेव्हा तिने आधी तो गोड असल्याचे सांगितले आणि मग विचारले, ‘‘अगं, पण हा आला कुठून?’’ थडग्यातून आला असे सांगितल्यावर ती काही वेळ बोललीच नाही. ‘‘मढ्याबरोबर पुरलेली वस्तू घरात ठेवू नये बाई,’’ एवढेच म्हणाली. त्या वेळी मी ते हसण्यावारी नेले, पण चिनी माणसांचेही दीर्घकाळ हेच मत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी लुओयांगजवळ रेल्वेमार्गासाठी खोदकाम सुरू झाले आणि थांग काळातील (इसवी सन ६१८ ते ९०७) थडगी उघडी पडून रंगीत झिलईचे घोडे आणि उंट मोठ्या संख्येने बाहेर येऊ लागले, तेव्हा थडग्यातील वस्तू अशुभ म्हणून चिनी संग्राहक त्यांना हात लावत नसत. १९०७ च्या सुमारास लुओ चेन्यू या विद्वानाने त्यांचा अभ्यास म्हणून संग्रह सुरू केला आणि नंतर युरोप-अमेरिकेतील संग्राहकांची मागणी वाढत गेली. जे चिनी घरांत कुणी ठेवले नसते, ते लंडनच्या दिवाणखान्यांत शोभेला बसले. आईचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही, आणि शेवटचा निर्णय घेताना त्याचा भाग होताच.

पहिले मत मी एका संग्रहालयाच्या अभिरक्षकांकडून घेतले. ब्रिटनमधील संग्रहालये वस्तूची किंमत सांगत नाहीत आणि विक्रीसाठी उपयोगी पडेल असे प्रमाणपत्रही देत नाहीत, मात्र काही संग्रहालयांत ठरलेल्या दिवशी वस्तू ओळखून देण्याची सोय असते. आधी ईमेलने सहा-सात चांगली छायाचित्रे पाठवावीत: चारही बाजू, तळ, झिलईचा जवळून फोटो आणि शेजारी मोजपट्टी. छायाचित्रे पाहूनच बऱ्याच वस्तू बाद होतात आणि सर्वांचाच वेळ वाचतो. अभिरक्षक बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिले, पाठीच्या कण्यावरून गेलेली सांध्याची पुसट रेघ मला दाखवली आणि सांगितले की कुत्रा उजवा आणि डावा अशा दोन साच्यांत घडवून, अर्धे भाग पातळ चिखलाने जोडून मग भाजला आहे, आणि घडणीत शंका घ्यावी असे काही दिसत नाही. परंतु केवळ नजरेवर त्या काही लिहून देणार नाहीत.

ती रेघ पाहताना मला तेरची आठवण झाली. मी धाराशिव जिल्ह्यातली असल्याने तेरच्या लामतुरे संग्रहालयात लहानपणी अनेकदा गेले आहे, आणि तिथल्या सातवाहन काळातील पांढऱ्या मातीच्या लहान मूर्तीही दुहेरी साच्यात काढून जोडलेल्या व पोकळ आहेत. काळही जवळजवळ तोच. दोन ठिकाणच्या कारागिरांचा काही संबंध होता असे मला अजिबात सुचवायचे नाही. पण सांधा कुठे शोधायचा, हे मला त्या ओळखीमुळे चटकन कळले, आणि अशा वस्तू पाहण्याची सवय आपल्याच गावातल्या संग्रहालयातही लागू शकते, एवढे यातून नोंदवावेसे वाटते.

दुसऱ्यांच्या वस्तू पाहून डोळा तयार करणे हा या सगळ्यातला बिनखर्चाचा आणि सर्वांत आनंदाचा भाग. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचे ३३ क्रमांकाचे दालन, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील चिनी कलेचे दालन आणि ऑक्सफर्डचे अ‍ॅशमोलियन, तिन्ही ठिकाणी प्रवेश विनामूल्य आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये ७२८ साली वारलेल्या ल्यू तिंगशुन या सेनाधिकाऱ्याच्या थडग्यातील म्हणून ओळखला जाणारा सबंध संच आहे. त्यात घोडे, उंट, मोतद्दार, अधिकारी, द्वारपाल आणि शिंगे-पंख असलेले भूतप्राणी असून त्यांतील काही माणसाच्या कमरेच्या वर येतील इतके उंच आहेत. हान काळचा कोंबडा किंवा कुत्रा त्यांच्यापुढे अगदी साधा वाटतो. थांग कारागिराने उंटाच्या पाठीवरच्या ओझ्यापर्यंत सारे बारकावे काढले, तर हान कारागिराने चार फुगीर आकारांत कुत्रा उभा केला, आणि मला स्वतःला दुसऱ्याचे काम अधिक आवडते. थांग मूर्तींवरची तिरंगी झिलईही शिशाचीच; तिच्यात तांब्याने हिरवा, लोहाने तपकिरी-पिवळा आणि क्वचित कोबाल्टने निळा रंग येतो. ही भांडी आणि मूर्ती भाजणाऱ्या भट्ट्यांचे अवशेष हेनान प्रांतात गोंगयी येथे सापडले आहेत.

सप्टेंबरमध्ये प्रयोगशाळेकडे अर्ज केला. मातीच्या वस्तूचे वय ठरवण्याची थर्मोल्युमिनेसन्स ही पद्धत, जिला सगळे टीएल चाचणी म्हणतात, मुख्यतः १९६० च्या दशकात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मार्टिन एटकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. मातीत गारगोटीचे आणि फेल्डस्पारचे सूक्ष्म कण असतात. मातीतच असलेले युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांतून सतत अल्प किरणोत्सर्ग होत असतो, आणि त्याची ऊर्जा या कणांत वर्षानुवर्षे साठत जाते. वस्तू भट्टीत भाजली की तोवरचा सगळा साठा रिकामा होतो आणि मोजणी शून्यापासून पुन्हा सुरू होते. प्रयोगशाळेत चिमूटभर भुकटी सुमारे ५०० अंश सेल्सियसपर्यंत तापवली, की साठलेली ऊर्जा अत्यंत मंद प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. तो प्रकाश मोजून एकूण साठा काढायचा आणि त्याला वर्षाला साठणाऱ्या ऊर्जेने भागायचे. वस्तू ज्या जमिनीत पुरली होती तिथला किरणोत्सर्ग किती होता हे ठाऊक नसते, म्हणून उत्तर नेमक्या सालात न येता बऱ्याच रुंद पट्ट्यात येते. अस्सल-नक्कल ठरवण्यास तेवढे पुरेसे असते.

अर्जात वस्तूची मापे, अपेक्षित काळ, माहीत असलेली डागडुजी आणि वस्तूवर पूर्वी क्ष-किरण किंवा अन्य किरणांचा प्रयोग झाला आहे का, हे विचारलेले असते. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. डागडुजी शोधण्यासाठी काही जण आधी वस्तूचा सीटी स्कॅन करून घेतात, पण त्याने कणांतील साठा कृत्रिमरीत्या वाढतो आणि टीएलचा निष्कर्ष बिघडू शकतो. म्हणून आधी टीएल, मग स्कॅन, हा क्रम पाळावा. नवीन मूर्ती जुनी भासवण्यासाठी तिच्यावर मुद्दाम किरण सोडणारेही असतात, याची प्रयोगशाळेला कल्पना असते.

ऑक्टोबरच्या मध्यास मी कुत्रा स्वतः घेऊन गेले. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात फोम कापून त्याच्या आकाराची बैठक केली होती आणि खोके गाडीत मागच्या सीटवर पट्ट्याने बांधले होते. नमुना मंद प्रकाशात घेतात, कारण लख्ख उजेडाने भुकटीतला साठा कमी होतो. छिद्र सुमारे तीन मिलिमीटर व्यासाचे आणि झिलई नसलेल्या, न दिसणाऱ्या जागी पाडतात. मी दोन ठिकाणचे नमुने मागितले, एक पोटाच्या आतून आणि दुसरा मागच्या पायाच्या तळातून. धड जुने आणि पाय नवे, किंवा दोन वेगळ्या तुटक्या मूर्तींचे भाग जोडून केलेली एक मूर्ती, असे प्रकार होत असल्याने एकाच छिद्रावर थांबणे शहाणपणाचे नाही. शेपटीतूनही नमुना घ्यायचा का, असे विचारल्यावर तिथल्या तंत्रज्ञाने अतिनील दिवा धरून शेपटीच्या बुंध्याशी वेगळ्याच रंगाने चमकणारा पट्टा मला दाखवला आणि हे प्लास्टर असल्याने इथे पैसे घालवू नका, असे प्रामाणिकपणे सांगितले. दोन नमुन्यांचे मिळून सुमारे ४०० पौंड झाले. प्रत्यक्ष छिद्र पाडताना मी बाहेर उभी राहिले. अठराशे वर्षे टिकलेल्या वस्तूला आपल्या हौसेपायी भोक पडते आहे, हा विचार सुखाचा नव्हता.

काही आठवड्यांनी अहवाल आला. दोन्ही नमुने शेवटचे १,४०० ते २,२०० वर्षांपूर्वी भाजले गेले, असे त्यात होते, म्हणजे हान काळाशी सुसंगत. अहवालावर वस्तूचे छायाचित्र आणि त्यावर नमुन्यांच्या जागा दाखवलेल्या असतात. बाजारात खोटे अहवाल किंवा एका वस्तूचा अहवाल दुसरीला जोडलेला असे दोन्ही आढळते, त्यामुळे विकत घेताना कुणी अहवाल दाखवला तर त्याच्या क्रमांकाची प्रयोगशाळेकडे खात्री करून घ्यावी. या चाचणीचे सामर्थ्य मोठे आहे, यात शंका नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास हेनान प्रांतातील हुईश्येन या ठिकाणाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीच्या म्हणून मूर्ती, प्राणी आणि भांडी पाश्चात्त्य संग्रहांत आणि संग्रहालयांत आली होती. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या टीएल अभ्यासाने ती अर्वाचीन ठरवली. तरीही ही चाचणी माती कधी भाजली एवढेच सांगते. जुन्या विटेतून आज कोरलेला कुत्राही या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकतो. म्हणून घडण, झिलई आणि साचा यांची नजरेने केलेली तपासणी आणि टीएल ही दोन्ही एकत्र वाचायची असतात. एका वस्तुसंवर्धकाकडून मी लेखी स्थिती-अहवालही करून घेतला, त्याचे १८० पौंड पडले. शेपटीच्या डागडुजीबरोबर डाव्या कानाचे टोकही नवे असल्याचे त्यात निघाले.

इथे बरेच जण थांबतात, आणि बाजारही बहुधा इथेच थांबत होता. मी थांबले नाही, याचे कारण अभिरक्षक बाईंचा एक प्रश्न: ‘‘तुमच्याकडे १९७० च्या आधीचा काही पुरावा आहे का?’’ सांस्कृतिक संपत्तीच्या अवैध व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा, म्हणून वस्तू त्याआधीच चीनबाहेर होती का, हे पाहिले जाते. चीनने तो १९८९ मध्ये आणि ब्रिटनने २००२ मध्ये स्वीकारला. ब्रिटनमध्ये २००३ चा कायदा त्या वर्षाच्या ३० डिसेंबरनंतर बेकायदा उकरलेल्या किंवा काढलेल्या वस्तूंचा जाणूनबुजून व्यवहार करणे हा गुन्हा ठरवतो, आणि संग्रहालयांसाठी सरकारने २००५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत १९७० हीच सीमा धरलेली आहे. वस्तू चोरट्या खोदाईतली असेल, ही भीती निराधार नाही. १९८० आणि १९९० च्या दशकांत चीनमध्ये रस्ते, धरणे आणि इमारतींची कामे वाढली, थडग्यांची चोरटी खोदाई वाढली, आणि मातीचे प्राणी हाँगकाँगमार्गे इतक्या संख्येने बाहेर आले की त्यांचे भावच उतरले. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०१० मध्ये धोक्यातील चिनी वस्तूंची जी लाल यादी काढली, तिच्यात मातीच्या वस्तूही आहेत. अमेरिकेने जानेवारी २००९ मध्ये चीनशी करार करून थांग काळाच्या अखेरपर्यंतच्या पुरातत्त्वीय वस्तूंच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हा तिथल्या वाचकांनी अशी वस्तू बरोबर नेण्यापूर्वी हे नियम आधी वाचावेत.

माझ्याजवळ होते ते एवढेच: यजमान हाँगकाँगला होते, ही तोंडी माहिती. वकिलांमार्फत मी बाईंच्या भाचीला पत्र लिहिले. अशा पत्रात वस्तूच्या किमतीचा विषय काढू नये, आणि काय हवे आहे ते नेमके सांगावे. मी जुनी पावती, सामान हलवणाऱ्या कंपनीची यादी, विम्याचे कागद आणि त्या काळातील घराच्या आतील छायाचित्रे, असे चार प्रकार लिहिले होते. उत्तर येण्यास डिसेंबर उजाडला. पावती नव्हती. जहाजाने पाठवलेल्या सामानाची टंकलिखित यादी मात्र होती, तिच्यात ‘मातीचा कुत्रा, १’ अशी नोंद होती, पण त्या पानावर तारीख नव्हती. आणि तिसऱ्या लिफाफ्यात एका वाढदिवसाचे रंगीत छायाचित्र निघाले, ज्यात केकच्या मागे फळीवर आमचा कुत्रा स्पष्ट दिसत होता. त्या काळातल्या रंगीत छायाचित्रांच्या पांढऱ्या कडेवर ती धुऊन काढल्याचा महिना आणि साल छापलेले असे. या कडेवर ऑक्टोबर १९६८ होते. ज्या कागदाला मी यादीत सर्वांत शेवटी ठेवले होते, तोच उपयोगी पडला. कुणी अशी वस्तू सांभाळत असेल, तर घरातील जुन्या छायाचित्रांचे कोपरे काळजीपूर्वक पाहावेत आणि मूळ छायाचित्र मागून-पुढून दोन्ही बाजूंनी स्कॅन करून ठेवावे.

चोरीच्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या लंडनच्या आर्ट लॉस रजिस्टरकडेही मी शोध घेतला, त्याला शंभर पौंडांच्या आतच खर्च आला. त्यांच्या नोंदीत कुत्रा नव्हता. याचा अर्थ तो कुणाच्या संग्रहातून चोरीला गेल्याची नोंद नाही, इतकाच. जे थडगे कुणी शास्त्रशुद्ध उघडलेच नाही, त्यातल्या वस्तूची नोंद असणार तरी कुठे?

आणि १९६८ ही तारीख मिळाली म्हणून सारे स्वच्छ झाले, असेही मला लिहिता येणार नाही. चीनमध्ये प्राचीन वस्तूंच्या संरक्षणाचा कायदा १९३० मध्ये झाला होता आणि १९५० मध्ये नव्या सरकारने मौल्यवान प्राचीन वस्तूंची निर्यात बंद केली होती. आमचा कुत्रा त्याआधी बाहेर पडला की नंतर सीमेपलीकडून हाँगकाँगला आला, हे छायाचित्र सांगत नाही. १९७० ही संग्रहालयांनी आणि व्यापाऱ्यांनी व्यवहारासाठी मान्य केलेली रेषा आहे आणि तिच्या अलीकडे-पलीकडे असणे याला व्यवहारात फार महत्त्व आहे. पण ती रेषा न्यायाची आहे, असे मी मानत नाही.

दरम्यान किमतीचीही चौकशी केली, कारण घराच्या विम्यात एका वस्तूसाठी ठरावीक मर्यादा असते आणि तिच्यापेक्षा जास्त किमतीची वस्तू वेगळी नोंदवावी लागते. लिलावगृहे तोंडी अंदाज बहुधा विनामूल्य देतात, विम्यासाठी लेखी मूल्यांकन हवे असल्यास शुल्क पडते. ब्रिटिश रेल्वेच्या निवृत्तिवेतन निधीने गुंतवणूक म्हणून घेतलेला थांग काळातील घोडा १९८९ मध्ये लंडनच्या लिलावात ३७ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला, हे उदाहरण सगळीकडे वाचायला मिळते आणि त्यामुळे लोकांच्या अपेक्षा भलत्याच वाढतात. हान काळातील हिरव्या झिलईच्या डागडुजी केलेल्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. मला सांगितलेला आकडा दोन हजार पौंडांच्या आसपासचा होता आणि तोही कागद पाहिल्यानंतरचा.

भारतात घेऊन जावे का, असा विचार मनात आला होता. ब्रिटनबाहेर नेताना पन्नास वर्षांहून जुन्या सांस्कृतिक वस्तूला परवाना लागतो का, हे तिच्या प्रकारावर आणि किमतीवर ठरते आणि इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलकडे त्याची चौकशी करता येते. भारताची बाजू अधिक कडक आहे. १९७२ च्या पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यातील व्याख्या शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होते आणि ती केवळ भारतात घडलेल्या वस्तूंपुरती लिहिलेली नाही; भाजलेल्या मातीची शिल्पे नोंदणीच्या यादीत आहेत, आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे कुत्रा एकदा पुण्याला पोहोचला की पुढे आम्ही कुठेही गेलो तरी त्याला तिथेच राहावे लागले असते. आईला हे सांगितले, तर ती म्हणाली, ‘‘मग आणूच नकोस, त्याला जिथे चार जाणती माणसं बघतील तिथे ठेव.’’

जानेवारी २०२४ मध्ये मी त्याच संग्रहालयाला कुत्रा देऊ केला. दीर्घ मुदतीची उसनवारी आणि कायमची देणगी असे दोन पर्याय होते. उसनवारीत मालकी आपली राहते, पण मुदत संपली की सगळे कागद पुन्हा करावे लागतात, म्हणून मी देणगी निवडली. वस्तू स्वीकारण्याचा निर्णय एक समिती घेते आणि ती वर्षातून मोजक्याच वेळा बसते, तेव्हा दोन बैठकांमधला काळ धीराने काढावा लागतो. समितीसाठी मी एकच धारिका तयार केली: मृत्युपत्रातील संबंधित परिच्छेद, प्रोबेटची प्रत, वकिलांचे सुपूर्दीपत्र, सामानाची यादी, १९६८ चे छायाचित्र, भाचीचे सही केलेले निवेदन, टीएल अहवाल, स्थिती-अहवाल आणि आर्ट लॉस रजिस्टरचे उत्तर. समितीने टीएलबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. छायाचित्रातला कुत्रा तोच कशावरून, असा प्रश्न मात्र आला, आणि त्यासाठी छातीवरच्या झिलईचा ओघळ आणि पट्ट्यावरचा खळगा दोन्ही छायाचित्रांत मोठा करून शेजारी-शेजारी लावून द्यावा लागला.

एप्रिलमध्ये होकार आला. मालकी हस्तांतराच्या पत्रावर सही करताना देणगीदार म्हणून कुणाचे नाव लावायचे, असे विचारले गेले, तेव्हा मी मालकीण बाई आणि त्यांचे यजमान यांची नावे दिली. वस्तूची संपूर्ण नोंद, म्हणजे १९६८ च्या आधीचा इतिहास अज्ञात आहे या वाक्यासह, त्यांच्या संगणकीय सूचीत सर्वांना पाहता येईल अशी राहावी, अशी विनंती मी लेखी केली आणि ती मान्य झाली. चीनमधील एखाद्या अभ्यासकाला तशाच साच्यातला दुसरा कुत्रा एखाद्या उत्खननात सापडला, तर निदान जुळवून पाहता यावे, हा त्यामागचा हेतू. जूनमध्ये कुत्रा सुपूर्द केला. चाचणी, अहवाल, शोध, खोके आणि जाण्यायेण्याचे धरून एकूण सुमारे ८०० पौंड खर्च झाले, आणि त्यातले निम्मे टीएलचे होते. सूचीतील नोंद दिसू लागायला अजून काही महिने लागतील, असे अभिरक्षक बाईंनी सांगितले आहे; तोवर त्यांनी दिलेला तात्पुरता नोंदणी क्रमांक मी त्या धारिकेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे आणि एक प्रत भाचीला पाठवली आहे.